पोचल्याचा मिस कॉल

शिगवण सरांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते माझ्या माहेरच्या दारात, वसईला. आई तुळशीला पाणी घालत होती, मी चहात बिस्कीट बुडवत बसले होते, आणि दारात एक उंच, काटकुळे, ताठ गृहस्थ येऊन उभे राहिले. पांढरी पॅन्ट, पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. आईला वाटलं, निवडणुकीचं काहीतरी आहे. त्यांनी आईला नमस्कार केला, तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पोचलीस ना? बरं." मग तांब्याभर पाणी प्यायले आणि आल्या पावली भाईंदरला परत गेले.

झालं होतं ते एवढंच. आम्ही नवराबायको नुकतेच भाईंदरला खारी गावाच्या मागे सागरछाया सोसायटीत राहायला आलो होतो. (या इमारतीतून सागर दिसत नाही आणि आवारात एकही झाड नसल्यामुळे छायाही नाही, पण नाव छान आहे.) आदल्या दिवशी मी बॅग घेऊन जिना उतरत होते, तर दुसऱ्या मजल्यावर दाराबाहेर खुर्ची टाकून बसलेल्या या गृहस्थांनी विचारलं, कुठे? म्हटलं, वसईला, आईकडे. "पोचलीस की मिस कॉल दे," असं म्हणून त्यांनी आपला नंबर सांगितला आणि मी तो मोबाइलमध्ये घालेपर्यंत वाट अडवून बसले. मी मान डोलावली. आपण नाही का कुणालाही 'या एकदा जेवायला' म्हणतो आणि समोरचाही 'येऊ की' म्हणतो, तसलंच हे असावं असं मला वाटलं. वसईला पोचले, आईने भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी वाढली, आणि सर माझ्या डोक्यातून साफ गेले.

सरांच्या डोक्यातून मी गेले नव्हते. संध्याकाळी ते आमच्या दारात हजर. वर्षा पोचली का? माझा नवरा महेश म्हणाला, पोचली की, माझं बोलणं झालं तिच्याशी. त्यावर सर म्हणाले, "तुझं झालं. माझं नाही झालं." आणि माझ्या माहेरचा पत्ता विचारून घेऊन गेले. हे ऐकलं तेव्हा मी सरांना वेडा म्हातारा म्हणाले होते. आता नाही म्हणत. आता कुणी म्हटलं तर मी भांडते.

शिगवण सर मूळचे गुहागरकडचे. भाईंदरच्या एका मराठी शाळेत पीटी शिकवून निवृत्त झाले. शिट्टी मात्र निवृत्त झाली नाही. पाण्याचा टँकर आला की शिट्टी, पार्किंगमध्ये कुणी आडवी गाडी लावली की शिट्टी, गणपतीत आरती भरकटली की शिट्टी. पण शिट्टी हा जोडधंदा. त्यांचं खरं काम म्हणजे इमारतीतून जो बाहेर पडेल तो पोचला की नाही हे बघणं.

त्याचेही नियम होते. रिंग दोनदा वाजली पाहिजे. एकदाच वाजली तर तो चुकून लागलेला असू शकतो, आणि तीनदा वाजली तर उचलायचा मोह होतो. सर फोन उचलत नसत. मिस कॉल उचलला की त्याचा साधा फोन होतो, आणि साध्या फोनवर माणसं खोटं बोलतात, असं त्यांचं मत. तापाने फणफणलेला माणूससुद्धा 'मजेत आहे' म्हणून सांगतो. मिस कॉलमध्ये ती सोय नाही. वाजला म्हणजे पोचला.

तळमजल्यावर फरसाणाचं दुकान असलेले जिग्नेशभाई राहतात. त्यांना सर हे आपल्या पीटीच्या हिंदीत समजावायचे. जिग्नेशभाई एकदा म्हणाले, सर, आता तर फोन फुकट झालाय, बोलूनच टाकू ना. सर म्हणाले, "बात नहीं करने का, जिग्नेशभाई. पहुँचने का."

सरांचा फोन बटणांचा. बटणांवरचे आकडे झिजून गेलेले, मागचं झाकण रबरबँडने बांधलेलं. नाक्यावरच्या मोबाइलवाल्याने कितीदा तरी सांगितलं, काका, नवीन घ्या, नवीन नंबर घ्या, स्कीम चांगली आहे. सर म्हणायचे, नंबर बदलायचा नाही. आणि या फोनवर ते तार पाठवल्यासारखं बोलत. गुहागरहून सख्ख्या बहिणीचा फोन आला तरी बी-बियाणं, ताप, लग्न, मयत एवढं ऐकून घ्यायचं आणि म्हणायचं, "ठेव आता. फोन मोकळा पाहिजे." आम्ही सगळे याला कंजूषपणा समजत होतो. फुकटच्या जमान्यात कंजूषपणा कसला, असा विचार कुणाच्या मनात आला नाही, कारण कोकणातला माणूस आणि फोन म्हटल्यावर आपण पुढचा विचार करतच नाही.

सर सांगायचे, ही त्यांच्या घरातली रीतच. वडील मुंबईला कामाला. गणपती करून परत गेले की पोचल्याचं कार्ड टाकायचे. 'सुखरूप पोचलो' एवढंच लिहिलेलं. ते कार्ड येईपर्यंत आई प्रसादाचा उरलेला मोदकसुद्धा तोंडात घालत नसे. मोदक वाळून दगड व्हायचा, मग कार्ड यायचं, मग आई तो पाण्यात भिजवून खायची. सर हे हसत हसत सांगायचे. आम्हीही हसायचो.

हसणं थांबलं ते जिग्नेशभाईंमुळे. एकदा ते लग्नाच्या ऑर्डरचं फरसाण स्कूटरवर घेऊन उत्तनच्या वाटेवरच्या डोंगरीला गेले आणि दुपार झाली तरी मिस कॉल नाही. त्यांची बायको हेतल म्हणाली, विसरले असतील, लग्नाची तारीखही विसरतात. सर म्हणाले, तो घरचं विसरतो, माझं नाही विसरत. महेशला त्यांनी जेवणावरून उठवलं आणि बाइक काढायला लावली. डोंगरीच्या अलीकडच्या उतारावर स्कूटर घसरून जिग्नेशभाई रस्त्याच्या कडेला पडले होते. पाय मोडलेला, मोबाइल गटारात गेलेला. महेश पोचला तेव्हा ते मोडका पाय लांब करून बसले होते आणि सांडलेला फाफडा एका कुत्र्याला भरवत होते. महेशला पाहून पहिलं वाक्य काय बोलले, तर "सर को बोलो, मैं भूला नहीं."

त्या दिवसापासून सागरछायेत मिस कॉल हा धर्म झाला. मुली सासरी पोचल्या की आधी सरांना मिस कॉल, मग माप ओलांडायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेने तर ऑपरेशन थिएटरच्या दारातून मिस कॉल दिला होता, नर्स ओरडत असताना. आणि आमच्या बिल्डिंगमधले पाटील आजोबा वारले तेव्हाची गोष्ट. शववाहिनीचं दार लागायच्या आधी सर पुढे झाले, हार घातला, पायांवर हात ठेवला आणि क्षणभर वाकूनच राहिले. मला शपथ घालून विचाराल तर सांगते, त्यांचे ओठ हलले होते. काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, पण सगळी बिल्डिंग मान खाली घालून उभी होती आणि प्रत्येकाला ते ठाऊक होतं.

माझं काम फिरतीचं. मी एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. सकाळी उजाडताच स्कूटर काढायची आणि मीरा रोड, काशिमीरा, उत्तन, जिथे सांगतील तिथे जायचं. म्हणजे सरांना सगळ्यात जास्त मिस कॉल माझे. कधी एखाद्या अनोळखी इमारतीत, कुत्रं अंगावर येत असताना, सुई-बाटल्यांची बॅग सांभाळत मी दोन रिंग द्यायचे, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटायचं. लॅबला माझा नमुना पोचला की पुरतं. मी पोचले की नाही याची कुणाला तरी पडलीय, हे काही कमी नाही.

हे सगळं कशासाठी, असं कुणी विचारलं की सर एक गोष्ट सांगत. शाळेत कुणी शिक्षक आले नाहीत की मोकळ्या तासाला पीटीच्या सरांना पाठवायची पद्धत असते. सर अशा तासाला पोरांना हीच एक गोष्ट सांगत आले. कव्हर आणि पहिली पानं गेलेल्या कुठल्याशा जुन्या पुस्तकात त्यांनी ती वाचली होती. गोष्ट ग्रीक, पण सरांच्या तोंडी ती गुहागर तालुक्यातली वाटायची.

एक होता राजा. त्याचा मुलगा थिसियस. समुद्रापलीकडच्या बेटावर एका भुलभुलैयात एक राक्षस राहायचा. डोकं बैलाचं, अंग माणसाचं. सर त्याला बैलतोंड्या म्हणायचे. त्याला दरवेळी या राजाच्या गावातली तरणी पोरं खायला पाठवावी लागत. थिसियस म्हणाला, यंदा मी जातो. जहाजाला काळं शीड लावून निघाले. बाप धक्क्यावर आला आणि म्हणाला, जिंकलास तर येताना पांढरं शीड लाव. म्हणजे मला लांबूनच कळेल. पुढे तिथल्या राजकन्येने थिसियसला दोऱ्याचं रीळ दिलं. एक टोक दाराला बांधून तो आत गेला, बैलतोंड्याला मारलं आणि दोरा धरून बाहेर आला. सगळे जहाजात बसले. गाणी, नाच, आनंदीआनंद. घर जवळ आलं. आणि शीड बदलायचं राहून गेलं. बाप रोज कड्यावर जाऊन बसायचा. त्याला काळं शीड दिसलं. त्याने समुद्रात उडी घातली.

इथे पोरं नेहमी विचारायची, सर, एवढं कसं विसरला? सर म्हणायचे, "अरे, घर दिसलं की माणूस सगळं विसरतो. रागाने नाही, मुद्दाम नाही. आनंदात विसरला." मग थोडं थांबून, "म्हणून म्हणतो, पोचलास की मिस कॉल दे."

मला ही गोष्ट जिन्यात उभ्याने कितीदा तरी ऐकायला मिळाली. त्यामुळे गेल्या वर्षी मीरा रोडच्या मॉलवर बैलाच्या डोक्याचं भलंमोठं पोस्टर दिसलं तेव्हा मी स्कूटर थांबवून फोटो काढला आणि घरी आल्या आल्या सरांना दाखवला. सरांनी चष्मा पुसला, फोटो पाहिला, परत चष्मा पुसला. म्हणाले, "हा आपला बैलतोंड्या." नातवाचा फोटो पेपरात यावा तसा त्यांचा चेहरा झाला होता.

पुढचे काही दिवस सरांनी सगळी बिल्डिंग डोक्यावर घेतली. रविवारी दुपारच्या खेळाला जायचं ठरलं. सर, काकू, म्हणजे सरांची बायको, आम्ही दोघं, जिग्नेशभाई आणि हेतल. जिग्नेशभाईंना गोष्ट माहीत होती, तरी सरांनी परत समजावली, कारण हिंदीत डब केलेल्यात काही सुटायला नको. रविवारी सर कडक इस्त्रीची पांढरी पॅन्ट घालून, बुटांना खडू लावून खाली उतरले. गळ्यात शिट्टी होतीच.

सिनेमा कसा होता, हे आता सांगते. वाईट होता. पैसा पाण्यासारखा ओतलेला दिसत होता आणि पाण्यासारखाच तो वाहून गेलेलाही दिसत होता. थिसियसच्या छातीला इतकं तेल लावलेलं की काकू म्हणाल्या, याला मालिश करून तसाच उठवून आणलाय का. सरांच्या स्वतःच्या चष्म्यावर थ्रीडीचा चष्मा, त्यामुळे ते सारखी मान वर करून बघत होते. बैलतोंड्या बैलासारखा नव्हताच, जेसीबीसारखा होता, आणि मरतच नव्हता. मारामारी संपली असं वाटून जिग्नेशभाई पॉपकॉर्न आणायला गेले, परत आले तरी मारामारी चालू. राजकन्येने दोऱ्याच्या रिळाऐवजी थिसियसला एक चमकणारा निळा दगड दिला. सरांनी ताबडतोब शिट्टी तोंडाला लावली. मी त्यांचा हात धरला. ते पुटपुटले, फाउल आहे, वर्षा, रीळ कुठे गेलं? म्हटलं, असू दे सर, शीड येईल.

शीड आलं. काळं, मोठं, पडदाभर. सर खुर्चीच्या कडेला सरकून बसले. लांब किनारा दिसत होता, कड्यावर म्हातारा बाप ठिपक्याएवढा उभा. एक खलाशी येऊन थिसियसला विचारतो, युवराज, पाल बदल दें, म्हणजे शीड बदलू का? थिसियस बापाकडे बघतो, गालात हसतो आणि म्हणतो, "रहने दो. बूढ़े को देखने दो."

बापाचं सिंहासन लवकर मिळावं म्हणून ही युक्ती. म्हातारा कड्यावरून पडत राहिला, अगदी सावकाश, मागे ढोल वाजत होते, आणि पुढच्या रांगांतून टाळ्या आल्या.

मी शिट्टीची वाट बघत होते. शिट्टी वाजली नाही. सर उभे राहिले. अंधारात, पडद्याच्या उजेडासमोर, सावधानमध्ये उभे राहावं तसे ताठ. "विसरला होता तो," असं म्हणाले. मागून कुणीतरी म्हणालं, अंकल, बैठो ना. सर त्याच्याकडे वळले आणि त्याला समजेल असं सावकाश म्हणाले, "भूल गया था वो. जानबूझके नहीं किया." मग खाली बसले, दोन्ही चष्मे काढले आणि सिनेमा संपेपर्यंत हातात धरून राहिले.

येताना रिक्षात जिग्नेशभाईंनी सिनेमावाल्यांना गुजरातीत शिव्या घातल्या. मला वाटलं, उद्यापर्यंत उतरेल सरांचा राग. सिनेमाच तो. गोष्टीची वाट लावणं हा तर त्यांचा धंदाच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला निघाले. सर खुर्चीत होते. कुठे, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, काशिमीऱ्याला. "बरं," म्हणाले. मी थांबले. पुढचं वाक्य आलंच नाही. मी दोन पायऱ्या उतरून परत मागे पाहिलं, तर ते समोरच्या भिंतीकडे बघत होते.

त्यानंतर त्यांनी कुणालाच मिस कॉल मागितला नाही. सागरछायेची अवस्था अशी झाली की सांगता सोय नाही. माणसं जिन्यात घुटमळायची. जिग्नेशभाई सुरतेला गेले, सवयीने मिस कॉल दिला आणि परत येऊन माझ्याकडे तक्रार केली की जाताना सर काही बोललेच नाहीत, सगळा प्रवास चप्पल घरी विसरल्यासारखा झाला. हेतलने ढोकळा पाठवला. सरांनी तो खाल्ला आणि डबा धुऊन परत केला. शिट्टीसुद्धा खिळ्याला टांगलेली. टँकर आला, पाणी वाहून गेलं, तरी वाजली नाही.

शेवटी मला कळलं ते काकूंकडून. त्यांची साखर तपासायला मी त्यांच्या घरी गेले होते. सर खाली दूध आणायला गेलेले. मी सुई काढून कापूस दाबून धरला आणि विचारलं, काकू, सर एका सिनेमाचं एवढं मनाला का लावून घेतायत?

काकू म्हणाल्या, "सिनेमाचं कुठलं गं. प्रसादचं आहे."

प्रसाद म्हणजे त्यांचा मुलगा. कॅनडात असतो एवढं मला माहीत होतं. काकू मोबाइलवर त्याला बघत बघत भाजी निवडतात, हेही माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे, की त्याचं जाणं सरांच्या मनाविरुद्ध होतं. निघायच्या आधी घरात बरीच वादावादी झाली होती. सर नको ते बोलले, तोही बोलला. विमानतळावर सर फक्त एक वाक्य बोलले, जे ते सगळ्यांना म्हणतात. प्रसादने मान डोलावली आणि आत गेला. मिस कॉल आला नाही. पोचल्यावर त्याने काकूंना फोन केला, खुशाली सांगितली, पण सरांचा फोन वाजला नाही. तो आजतागायत.

"पोचून वर्षं झाली," काकू म्हणाल्या. "तिकडे घर घेतलं, मुलगी शाळेत जायला लागली, आणि हे अजून पोचल्याच्या मिस कॉलची वाट बघतायत. मी म्हणते, अहो, माझं रोज बोलणं होतं त्याच्याशी. पोचलाय तो. तर म्हणतात, तुझं झालं, माझं नाही झालं."

मी विचारलं, मग प्रसादला सांगत का नाही तुम्ही? त्या म्हणाल्या, सांगून थकले. तो म्हणतो, बाबांनी करावा की फोन. इकडे हे असे, तिकडे तो तसा. एकाच झाडाचे फणस.

मग त्यांनी बाहेरच्या दाराकडे बघून आवाज खाली आणला. "इतकी वर्षं मला हेच म्हणायचे, विसरला असेल गं, नवीन देश, घाई-गडबड. त्यावर दिवस काढले त्यांनी. त्या रविवारी सिनेमा बघून आले आणि मला विचारतात, मुद्दाम केलं असेल का गं त्याने?"

बाटलीवर नाव लिहायचं निमित्त करून मी खाली मान घातली. त्या झिजलेल्या बटणांच्या फोनकडे बघून आम्ही इतकी वर्षं हसलो होतो. नंबर बदलायचा नाही. फोन मोकळा पाहिजे. आणि आम्ही म्हणत होतो, कोकणी कंजूष.

त्यानंतर चार-सहा दिवसांनी मला पालीचं काम आलं. उत्तनच्या पुढे, समुद्राला लागून असलेलं कोळ्यांचं गाव. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून स्कूटर आली तर दोघांपैकी एकाने कुणाच्या तरी ओटीवर चढावं लागतं. ज्यांचं रक्त घ्यायचं होतं त्या मावशी ओटीवरच बसून होत्या. मी म्हटलं, आत चला, उजेडात बसू. तर म्हणाल्या, हितंच घे. मी सुई टोचली तेव्हाही त्या हाताकडे बघत नव्हत्या, दोन घरांमधल्या फटीतून समुद्राकडे बघत होत्या. मुलगा बोटीवर गेला होता. त्यांच्या बोटीचा बावटा तांबडा, तो लांबून ओळखता येतो. मी विचारलं, मुलाकडे फोन नाही का? त्या म्हणाल्या, "फोन हाय त्याच्याकं. पन बावटा दिसल्याबिगर मना जेवन न्हाय जात."

मी बॅग आवरली, स्कूटरपाशी आले आणि माझ्या लक्षात आलं की आज मी सरांना कळवलेलं नाही. त्यांनी मागितलं नव्हतं. पण मी फोन काढला आणि लावला. एक रिंग. दुसरी रिंग. मी कट करायला बोट नेलं, आणि समोरून फोन उचलला गेला.

इतक्या वर्षांत त्यांनी माझा फोन कधी उचलला नव्हता. मी म्हटलं, "सर, मी वर्षा. पालीला पोचले. तुम्ही उचलत नाही ना?"

"हं. उचलला," ते म्हणाले.

पलीकडे आमच्या जिन्यात कुणीतरी बादली आपटल्याचा आवाज आला. मग सर म्हणाले, "वर्षा, एक विचारू? खरं सांग. तू वसईला गेली होतीस तेव्हा, अगदी पहिल्यांदा, मला मिस कॉल दिला नाहीस. मुद्दाम दिला नव्हतास का?"

"नाही हो, सर," मी म्हटलं. "आई दिसली आणि विसरले."

"रागबिग नव्हता?"

"राग कसला सर. पोचले, जेवले, बोलत बसले. तुमची आठवणच झाली नाही."

आता कुणाला वाटेल, एखाद्या म्हाताऱ्या माणसाला 'तुमची आठवणच झाली नाही' असं तोंडावर सांगणं बरं नव्हे. पण सरांनी मोठा श्वास सोडला, आणि तो मला पालीत ऐकू आला.

"तेच म्हणतो मी," ते म्हणाले. "घर दिसलं की विसरतो माणूस. त्या सिनेमावाल्यांना काय कळतंय." मग त्यांचा आवाज एकदम पीटीच्या सरांचा झाला. "परत कधी येतेस? निघालीस की सावकाश चालव, डोंगरीच्या उतारावर बघून. आणि पोचलीस की मिस कॉल दे. उचलणार नाही."

"देते, सर."

मला अजून बोलायचं होतं. प्रसादबद्दल, काकूंबद्दल, मावशींच्या तांबड्या बावट्याबद्दल. मी म्हटलं, सर, ऐका ना.

"नको," सर म्हणाले. "ठेव आता. फोन मोकळा पाहिजे."

मी लगेच ठेवला.